पुण्याचं विद्यापीठ आणि आपली पांढरी

महाळुंग्याहून आम्ही बोलतोय. हातातलं काम चालू ठेवा, भाजी निवडत ऐकलंत तरी चालेल.

आजचा विषय इतिहासाचा आहे. गटाच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा दोघी-तिघी हसल्याच. "इतिहास म्हणजे किल्ले आणि लढाया, त्यात आपलं काय?" असं एकीनं विचारलं. तिला आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. पण उन्हाळ्यात एक गोष्ट घडली होती, तिथूनच हा विषय निघाला, म्हणून तीच आधी सांगतो.

तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे रोज कुठे ना कुठे जेसीबी चालू असतो. शेड उभी राहते, खोल्या बांधल्या जातात, रस्ता रुंद होतो. तसंच एका जुन्या पांढरीच्या कडेला खोदकाम चाललं होतं. पांढरी म्हणजे काय, हे नव्यानं राहायला आलेल्या बायकांना ठाऊक नसेल. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. पिढ्यान् पिढ्या एकाच जागी माणसं राहिली, चुलीची राख पडली, शेण-माती पडली, भिंती ढासळून पुन्हा उभ्या राहिल्या, की तिथली माती पांढुरकी, भुसभुशीत होते. आपली माणसं ती गाड्या भरून शेतात टाकायची, खतासारखी. तर त्या खोदकामात खापरं निघाली, काळ्या रेघा ओढलेली. एक मोठं मडकंही निघालं, पण ते बकेटच्या दाताखाली फुटलं. आमच्यातल्या दोघी तिथून पाणी घेऊन चालल्या होत्या. त्यांनी चार खापरं ओट्यात घेतली. बाकी सगळं डंपरमध्ये भरून कुठल्याशा खड्ड्यात भरावाला गेलं. काम करणाऱ्याला दोष देत नाही, त्याला तासाचा हिशोब होता. पण त्या चार खापरांचं करायचं काय, कोणाला दाखवायची, हे आम्हा एकीलाही सुचेना.

मग कोणीतरी म्हणालं, पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे, तिथे जमिनीतून निघालेल्या वस्तूंचा अभ्यास होतो. म्हणून आम्ही अकराजणी डबे बांधून निघालो. चाकणहून बस, भोसरीला उतरून दुसरी बस. तिथे जे पाहिलं आणि नंतर वाचून, विचारून जे समजलं ते आज सांगतो.

या कॉलेजची मुळं शोधत गेलात तर ती पुण्यात नाहीत, आपल्या शेजारी तळेगावात सापडतात. तळेगाव दाभाडे, चाकणहून रस्ता जातो तेच. छत्रपती शाहूंचे सेनापती खंडेराव दाभाडे दरवर्षी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे. पुढे १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्र्यंबकराव बाजीराव पेशव्यांच्या फौजेपुढे पडले. (त्यानंतर सेनापतीपदाचा कारभार पाहिला तो त्र्यंबकरावांच्या आईनं, उमाबाई दाभाड्यांनी. त्यांच्यावर एक वेगळं भाषण करायचं आमच्या मनात आहे.) दाभाड्यांचं वजन कमी झालं आणि दक्षिणेची प्रथा पेशव्यांनी पुण्याला नेली. पर्वतीच्या पायथ्याला रमणा होता, तिथे श्रावणात गर्दी व्हायची. कोकणातून, कर्नाटकातून, थेट काशीहूनही शास्त्री-पंडित यायचे. त्यांच्या विद्येची परीक्षा व्हायची आणि योग्यतेप्रमाणे दक्षिणा मिळायची. पुण्याला विद्येचं गाव म्हणतात त्याला ही दक्षिणा मोठं कारण आहे. इमारत नव्हती, वर्ग नव्हते, पण एका अर्थी ते वर्षातून एकदा भरणारं विद्यापीठच होतं.

आता हा पैसा कुठून यायचा? राज्याच्या खजिन्यातून. आणि खजिन्यात कुठून? गावोगावच्या शेतसाऱ्यातून. म्हणजे खुरपणी केली आपल्या पणजीच्या पणजीनं आणि दक्षिणा मिळाली ती तिला कधीच पाय ठेवता येणार नाही अशा रमण्यात. हे आम्ही रागानं म्हणत नाही, हिशोब म्हणून सांगतो. सगळीकडे असंच होतं. बिहारात नालंदा नावाचं फार मोठं विद्यापीठ होतं. सातव्या शतकात चीनहून ह्युएन त्सांग नावाचे भिक्षू तिथे शिकायला आले, त्यांच्या चरित्रात लिहिलंय की राजानं शंभराच्या आसपास गावांचा महसूल नालंदेला तोडून दिला होता आणि त्या गावांतली दोनशे घरं रोज तांदूळ, लोणी, दूध पोचवायची. नालंदेचं नाव जगभर झालं, दूध तापवणाऱ्यांपैकी कोणाचं नाव उरलं नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांचा अधिकारी एल्फिन्स्टन यानं दक्षिणा एकदम बंद केली नाही. पुण्यातला विद्वान वर्ग नाराज होऊ नये म्हणून वर्षाला ५०,००० रुपये चालू ठेवले. १८२१ च्या ऑक्टोबरात त्याच पैशातून २०,००० रुपये काढून विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज, म्हणजे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. विश्रामबागवाडा तुम्ही पाहिला असेल, तुळशीबागेत खरेदीला गेलात की जवळच आहे, लाकडी नक्षीचा सज्जा असलेला. दुसऱ्या बाजीरावानं बांधलेला राहता वाडा. तिथे वेद, शास्त्रं, ज्योतिष, वैद्यक शिकवायचे, आणि सुरुवातीला विद्यार्थी फक्त ब्राह्मण मुलगे.

हीच पाठशाळा वाढत-बदलत पुढे डेक्कन कॉलेज झाली. पण मधल्या तीस वर्षांत एक गंमत घडली, ती आम्हाला सगळ्यात आवडली.

दक्षिणेचा पैसा कोणाचा, हा प्रश्न १८४९ मध्ये पुण्यात उभा राहिला. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, आणि त्यांच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की या पैशातला काही भाग मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्यावा, मग लिहिणारा कोणत्याही जातीचा असो. त्यावर जुन्या मंडळींनी असा गदारोळ केला की अर्जदारांच्या अंगावर धावून जायची वेळ आली. तेव्हा त्यांना संरक्षण द्यायला जोतीराव फुले माणसं घेऊन गेले. आदल्याच वर्षी, १८४८ मध्ये, त्यांनी आणि सावित्रीबाईंनी बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली होती.

आणि मग बघा. त्याच दक्षिणा फंडातून फुल्यांच्या शाळांना महिन्याला ७५ रुपये मदत मिळायला लागली. ज्या पैशानं शंभर वर्षं फक्त शास्त्री पोसले गेले, त्यातले ७५ रुपये मुलींच्या पाट्या-पेन्सिलींना मिळाले. १६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबागवाड्यात समारंभ झाला. कॉलेजचे प्रमुख मेजर कँडी यांनी सरकारतर्फे जोतीरावांना शालजोडी देऊन गौरवलं. पुढच्या फेब्रुवारीत मुलींची परीक्षा त्या कॉलेजाच्या आवारात झाली, तेव्हा बघायला हजारो माणसं लोटली. एक मुलगी उभी राहून वाचते, हे बघायला! आज आपल्या मुली दहावीच्या परीक्षेला जातात तेव्हा दारात नारळ ओवाळून सोडतो, तेवढंच. त्या वेळी रस्त्यात शेण खात जावं लागायचं.

त्या शाळांतली एक मुलगी मुक्ता साळवे. मांग समाजातली, वय चौदाच्या आसपास. तिनं महार-मांगांच्या दुःखाबद्दल निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. आमच्या गटात तो एका संध्याकाळी मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही, चहा निवून गेला. तुम्हीही मिळवून वाचा.

फार गोड मानून घेऊ नका मात्र. त्याच १८५५ मध्ये जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं, तर कमिटीनं ते नाकारलं. फंड थोडा उघडला होता, कमिटीतली माणसं तीच होती. सरकारी योजनांचे अर्ज भरणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कॉलेजला जागा अपुरी पडायला लागली. सर जमशेटजी जीजीभॉय या पारशी दानशूरांच्या एक लाख रुपयांच्या देणगीवर येरवड्याला काळ्या दगडाची इमारत उभी राहिली. १८६४ मध्ये पायाभरणी, १८६८ मध्ये कॉलेज तिथे गेलं. उंच टोकदार कमानी, मधे मनोरा. टिळक तिथलेच, आगरकर तिथलेच. दोघांनी वसतिगृहाच्या दिवसांत रात्र-रात्र वाद घालत ठरवलं की सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची. त्यातून १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल झालं, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. मधे केसरी, मराठा ही वर्तमानपत्रं. इतिहासाचार्य राजवाडेही याच कॉलेजचे. त्यांनी पायी गावोगाव फिरून जुनी दप्तरं गोळा केली. ज्या घरात वाळवीनं बाडं खाल्ली होती, माळ्यावर कागदांचे गठ्ठे पडले होते, तिथून मराठ्यांचा इतिहास खणून काढला. एका कॉलेजनं शहर कसं घडवलं म्हणाल तर असं. विटा-दगडांपेक्षा ही माणसं आणि त्यांनी मागे ठेवलेल्या संस्था. आज कोणी पुण्याचा वारसा बघायला येतो तेव्हा अर्धं तर याच पोरांचं केलेलं बघतो.

पण यात बाई कुठे आहे, असं आम्ही तिथल्या पायऱ्यांवर बसून भाकरी खाताना विचारत होतो. तर होती. एक होती.

कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६, नाशिकचा. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवायच्या. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकायला आल्या तेव्हा साऱ्या कॉलेजात त्या एकट्या मुलगी. त्यांनीच पुढे सांगून ठेवलंय की त्या वर्गाकडे येताना दिसल्या की मुलगे दार लावून घ्यायचे. १८८७ च्या सुमारास पदवीच्या परीक्षेत त्या कॉलेजात पहिल्या आल्या. पहिल्या येणाऱ्याला विलायतेला शिकायला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. ती त्यांना नाकारली. कारण एकच, बाई. मग विलायतेतल्या काही बायकांनी वर्गणी काढली आणि त्या ऑक्सफर्डला गेल्या. ऑक्सफर्ड हे आठशे वर्षांहून जुनं विद्यापीठ, त्या शहराची ओळखच विद्यापीठानं झालेली. तिथे १८९२ मध्ये कायद्याची मोठी परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या बाई ठरल्या. पण ऑक्सफर्ड बायकांना परीक्षेला बसू द्यायचं, पदवी द्यायचं नाही! पदवी हातात पडली १९२२ मध्ये. तीस वर्षांनी. तोवर त्यांनी पडद्यातल्या शेकडो बायकांची, विधवा राण्यांची, पोरक्या पोरांची मालमत्तेची कामं लढवलेली होती.

दार लावून घेतलेल्या वर्गांना दुसरं उत्तर दिलं ते धोंडो केशव कर्व्यांनी. हिंगण्याला माळावरच्या झोपडीत विधवांचा आश्रम होता. तिथे १९१६ मध्ये त्यांनी बायकांचं वेगळं विद्यापीठच काढलं, मराठीतून शिकवणारं. पहिल्या वर्गात मुली किती? पाच. जपानमधल्या बायकांच्या विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती, तिथून कल्पना सुचली. त्यांच्या मेव्हणी पार्वतीबाई आठवले, स्वतः केशवपन झालेल्या विधवा, गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या, तिथे लोकांच्या घरी धुणीभांडी करून इंग्रजी शिकल्या. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावानं १५ लाखांची देणगी दिली, तेच आजचं एसएनडीटी.

पुन्हा येरवड्याला येऊ. १९३४ मध्ये सरकारनं डेक्कन कॉलेज खर्चाच्या कारणानं बंद केलं. जुने विद्यार्थी कोर्टात गेले. म्हणाले, देणगीदारानं पैसा शिक्षणासाठी दिला होता, तुम्हाला कुलूप लावता येणार नाही. ते जिंकले आणि १९३९ मध्ये कॉलेज पुन्हा उघडलं, पण आता संशोधनासाठी. इथून पुढचा इतिहास आपल्या खापरांशी जोडलेला आहे.

त्या वर्षी तिथे रुजू झालेल्या दोघांची नावं लक्षात ठेवा. एक हसमुख धीरजलाल सांकळिया, उत्खननाचे. दुसऱ्या इरावती कर्वे, धोंडो केशवांच्या सूनबाई, समाजशास्त्राच्या. इरावतीबाई बर्म्यात जन्मल्या, पुण्यात हुजूरपागेत शिकल्या, जर्मनीत बर्लिनला जाऊन डॉक्टर झाल्या. त्यांनी देशभर फिरून काय गोळा केलं? नाती. मावशीला काय म्हणता, आत्याला काय म्हणता, मामाच्या मुलीशी लग्न चालतं का, सासऱ्यापुढे पदर घेता का. आपण ओट्यावर बसून जे बोलतो त्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला, आणि तो जगात मानला जातो. आळंदीच्या पालखीबरोबर त्या पंढरीची वाटही चालल्या. एकाच दिंडीतल्या बायका अभंग एकत्र म्हणतात आणि जेवायला जातीप्रमाणे वेगळ्या बसतात, हे बघून त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते त्यांनी लिहिलं.

सांकळियांनी दुसरी गोष्ट केली. त्यांनी विद्यार्थ्यांना वाड्या-राजवाड्यांपासून उठवून नदीकाठच्या पांढरीवर नेलं. नेवाशाला १९५४ पासून खणलं, तेच ज्ञानेश्वरीचं नेवासे. मग १९६० मध्ये चांडोली. चांडोली म्हणजे घोड नदीकाठचं, आपल्या पुणे-नाशिक रस्त्यावरून पुढे मंचरकडे गेलं की त्या बाजूला. तिथे तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती निघाली. घराच्या जमिनीखाली लहान मुलांना पुरलेलं होतं, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि त्यांत बाळ. एका बाळाच्या गळ्यात तांब्याचे मणी होते, ते अळशीच्या धाग्यात ओवलेले. तांब्यामुळे धागा टिकला. नेवाशाच्या एका बाळाच्या गळ्यात असाच सर मिळाला, त्यात कापूस आणि रेशीम.

संग्रहालयात अशी मडकी पाहिली तेव्हा आमच्यातल्या एक आजी खाली बसल्या. त्यांची दोन मुलं लहानपणी गेली होती. त्या म्हणाल्या, "लांब नाही नेलं तिनं. घरातच ठेवलं." एवढंच. मार्गदर्शक काही बोलायला लागला होता, तोही थांबला. अभ्यासक याची कारणं बरीच देतील, पण आजींचं ऐकल्यावर आम्हाला आणखी कारण विचारावंसं वाटलं नाही.

सगळ्यात मोठं काम झालं ते शिरूर तालुक्यातल्या इनामगावला. घोडेचाच काठ. १९६८ पासून पंधराएक वर्षं दर हंगामाला डेक्कन कॉलेजची मंडळी तिथे जाऊन राहायची, सांकळियांबरोबर ढवळीकर, अन्सारी हे अभ्यासक. शंभराहून जास्त घरं उघडी झाली. इसवी सनाच्या आधी १६०० ते ७००, म्हणजे नऊशे वर्षं तिथे शेतकरी राहत होते. जव, गहू, मसूर पिकवायचे. कुडाच्या, मातीनं लिंपलेल्या भिंती, घरात चूल, धान्याचे पेव, कणगी ठेवायला गोल ओटे. नदीचं पाणी पाटानं वळवून घेतलं होतं, बांधही घातला होता. गावचा मुख्य असावा अशा एकाचं पाच खोल्यांचं घर, शेजारी धान्याचं कोठार. मोठी माणसं पुरताना त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले, बहुधा मेलेला माणूस परत चालून येऊ नये म्हणून. एका घरात जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी निघाली, तिच्यात स्त्रीची कच्च्या मातीची मूर्ती, सोबत अजून एक बिनडोक्याची मूर्ती आणि बैल. घरातल्या पूजेची असावी.

आणि दळण! तुम्हाला वाटेल जातं कायमचंच आहे. नाही. त्या काळी फिरतं जातं नव्हतं. पाट्यासारख्या खोलगट दगडावर गुडघे टेकून, दोन्ही हातांनी दगड पुढे-मागे घासत दळायचं. जातं आलं त्यानंतर कित्येक शतकांनी, सातवाहनांच्या काळाच्या आसपास. जात्यावर बसून ओव्या म्हणता येतात, गुडघ्यावर वाकून म्हणता येत असतील का, अशी आमच्यात बरीच चर्चा झाली. एक काकू म्हणाल्या, दम लागेल. दुसऱ्या म्हणाल्या, बाई गाणं म्हणायची ती दम लागतो म्हणूनच. आता गिरणी आहे आणि जाती अंगणात तुळशीपाशी उलटी पडली आहेत, काही तर गटाराच्या झाकणाला लावलेली आम्ही स्वतः पाहिली.

इनामगावचा शेवट कसा झाला हेही त्या मातीतूनच समजलं. पाऊस कमी होत गेला. चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेतीपेक्षा शिकार आणि मेंढरं वाढली. मग एक दिवस गाव उठलं. हे कुठल्या पोथीत नव्हतं, बखरीत नव्हतं. राख, हाडं, जळके दाणे आणि खापरं, म्हणजे बायकांनी झाडून बाहेर टाकलेला कचराच म्हणा, त्यातून वाचलं. एरवी विद्यापीठं राजे-रजवाड्यांनी लिहून ठेवलेलं वाचतात. इथे एका विद्यापीठानं चुलीपाशी काय घडलं ते वाचायला शिकून घेतलं. डेक्कन कॉलेजचा पुण्यावर हा उपकार आम्हाला त्या कमानींपेक्षा मोठा वाटतो. पुणे म्हणजे पेशवे, एवढ्यावरच सगळं थांबत होतं, ते तीन हजार वर्षं मागे आणि शंभर किलोमीटर पसरलं. त्यात आपलं चांडोली आलं.

आमचं मत विचाराल तर शहराला अजून हे पुरतं उमजलेलं नाही. शनिवारवाड्यापाशी गर्दी असते. येरवड्याच्या संग्रहालयात आम्ही अकराजणी गेलो त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं.

पुण्याच्या दुसऱ्या विद्यापीठाचंही थोडक्यात सांगतो, कारण नाव आपलं आहे. गणेशखिंडीत लाटसाहेबाचा पावसाळी बंगला होता. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. मार्च महिन्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. प्लेगच्या नावाखाली घरात घुसून जो जुलूम झाला, त्याचा राग धरून २२ जूनच्या रात्री चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. रँड त्याच बंगल्यातल्या मेजवानीहून परतत होता. १९४९ मध्ये त्या बंगल्यात पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं. आपल्या पोरी तिथे फॉर्म भरायला जातात तेव्हा एवढं त्यांना सांगत जा.

आता आपली खापरं. बरोबर नेलेली चार खापरं आम्ही तिथे एका अभ्यासक ताईंना दाखवली. त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठे मिळाली? किती खोल? सोबत काय होतं? राख होती का?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. जागा सांगता आली, बाकी काही नाही. त्या म्हणाल्या, जागेवरून उचललेलं खापर म्हणजे वहीतून फाडलेलं पान, अक्षर दिसतं पण पुढचं-मागचं लागत नाही. रागावल्या नाहीत. पण मडकं फुटलं ते फुटलंच, आणि भरावात गेलेली माती आता एका गोदामाच्या कोब्याखाली आहे.

त्यांनी जे सांगितलं ते लिहून घ्या, पेन नसेल तर पोरांना सांगा. खोदताना मडकी, खापरांचा थर, राखेचा पट्टा, कोरलेला दगड, नाणी असं काही दिसलं तर उचलू नका. आधी फोनमध्ये फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा बांगडी ठेवून, म्हणजे आकार समजेल. तारीख आणि जागा लिहा, कोणाचं शेत, कोणत्या झाडापासून किती पावलं. सरपंच आणि तलाठ्यांना सांगा. १८७८ चा कायदा आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि काम थांबवायची वेळ आली तर भांडू नका, दोन तास मागा. ताई म्हणाल्या, फोटो काढून घ्यायला दोन तासही पुष्कळ.

आम्ही बचत गटाच्या वहीच्या शेवटच्या पानापासून उलटी नोंद सुरू केली आहे. पुढून हप्ते आणि मागून पांढरी. आतापर्यंत सात नोंदी आहेत. दोन वीरगळ, एक ओढ्याकाठचा आणि एक बसथांब्यामागे शेंदूर लावलेला. एक बुजवलेली बारव. तीन जुनी जाती, त्यातलं एक कोणी दिलं, कोणत्या लग्नात आलं, ते आजींनी सांगितल्याप्रमाणे लिहिलं आहे. सातवी नोंद त्या चार खापरांची. तिच्यापुढे खोलीच्या रकान्यात एक रेघ मारली आहे.

पुढच्या महिन्यात वासुली फाट्याच्या बाजूच्या गटांनी आम्हाला बोलावलं आहे. त्यांच्याकडे विहिरीचं काम निघतंय. वही घेऊन जाणार आहोत.